विंडोज टाकताना मध्येच अडकते : कुठे अडकली ते ओळखून दुरुस्त करण्याची रीत

विंडोज टाकताना एरर आली की बहुतेक जण कॉम्प्युटर बंद करून तेच पुन्हा पहिल्यापासून करतात. तोच पेनड्राइव्ह, तोच पोर्ट, तीच डिस्क. दुसऱ्यांदा अडकली की तिसऱ्यांदा. यात वेळ तर जातोच, शिवाय डिस्क मरायला टेकलेली असेल तर प्रत्येक फेरीगणिक तिच्यावरचा डेटा परत मिळण्याची आशा कमी होत जाते. इन्स्टॉलेशन ज्या जागी थांबतं ती जागाच कारण सांगत असते. म्हणून पुन्हा सुरू करण्याआधी ती जागा नीट पाहा : कोणता स्क्रीन होता, किती टक्के झाले होते, कोणता कोड आला. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

वाचण्याआधी दोन गोष्टी. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. एरर कोडच्या सुरुवातीचं ‘शून्य एक्स’ सगळीकडे सारखंच असतं, म्हणून ते गाळून पुढची आठ अक्षरंच दिली आहेत.

## टप्पा १ : हात लावण्याआधी काय काढून ठेवायचं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तीन फोल्डर सगळ्यांच्या लक्षात असतात. राहतं ते बाकीचं.

दुकानाचा किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर टॅलीचा डेटा आधी शोधा. टॅली उघडून कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवर डेटाचा मार्ग दिसतो. तो बहुधा सी ड्राइव्हवरच, ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरात असतो, म्हणजे फॉरमॅटमध्ये हमखास उडणाऱ्या जागी. टॅलीचं लायसन्स फॉरमॅट करण्याआधी सरेंडर करा, नाहीतर नंतर ते पुन्हा सुरू करताना अडचण येते. जीएसटीच्या डिजिटल सिग्नेचरची चिंता नको. सर्टिफिकेट त्या यूएसबी टोकनमध्येच राहतं, फक्त टोकनचा ड्रायव्हर नंतर पुन्हा टाकावा लागतो.

मराठी टायपिंगचं काम करणाऱ्यांनी फॉन्टकडे विशेष लक्ष द्यावं. पणजी, म्हापसा, फोंड्यातल्या छपाईवाल्यांकडे, मंदिरांच्या आणि सोसायट्यांच्या कार्यालयांत युनिकोड यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये बसवलेल्या फायली अजून वापरात आहेत. तो विशिष्ट फॉन्ट गेला की पत्रिका उघडते, पण अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो. विंडोजमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर अख्खा कॉपी करून ठेवा. त्या सॉफ्टवेअरची सीडी, सिरीयल नंबर आणि असल्यास हार्डवेअर लॉक समोर ठेवूनच पुढे जा.

जुनी विंडोज सुरूच होत नसेल तरी डेटा काढता येतो. उबुंटूचा पेनड्राइव्ह करून तो इन्स्टॉल न करता नुसता चालवून पाहण्याचा पर्याय घ्या आणि फायली बाहेरच्या डिस्कवर उचला. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र हेही करू नका. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

सावधान : विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप बिटलॉकरने कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून मिळते. ती हातात आल्याशिवाय बायोसमधली (मशीन सुरू होताच, विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममधली) एकही सेटिंग बदलू नका.

आता विजेचं. जून ते सप्टेंबर गोव्यात लाइट कधी जाईल आणि व्होल्टेज कधी पडेल याचा नेम नसतो. इन्स्टॉलेशनला एसएसडीवर अर्धा तास आणि जुन्या हार्डडिस्कवर तासाहून जास्त लागू शकतो, तर घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला काही मिनिटंच तारतो. फायली लिहिल्या जात असताना लाइट गेली तर अर्धवट विंडोज राहते. बायोस अपडेट होताना गेली तर मदरबोर्डच मरू शकतो. ढग गडगडत असतील तर त्या संध्याकाळी सुरूच करू नका, आणि लॅनची वायर काढून ठेवा.

तपासा : सुरू करण्याआधी यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहा. कॉम्प्युटर लगेच बंद पडला तर यूपीएसची बॅटरी गेली आहे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याच्या मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर हवा. ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ मोडमध्ये लाइट गेल्यावर इन्व्हर्टर घ्यायला इतका उशीर लावतो की पीसी रीस्टार्ट होतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी निम्म्याच्या वर आणि चार्जर जोडलेला.

## टप्पा २ : हे मशीन ही विंडोज घेणार का

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत), सिक्युअर बूट (फक्त अधिकृत सहीच्या प्रोग्रामनेच बूट होऊ देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, एएमडीचा ढोबळमानाने रायझन २००० मालिका किंवा त्यापुढचा. ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ असा संदेश नव्यासारख्या मशीनवर आला तर बहुतेक वेळा टीपीएम बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते ‘पीटीटी’ या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने. ते सुरू करून पुन्हा पाहा.

मशीन खरोखरच जुनं असेल तर अटी चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण कामाच्या मशीनवर त्या करू नयेत. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी देत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून तर काही जुन्या प्रोसेसरवर ती बूटच होत नाही, कारण लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरमध्ये नसतात आणि त्याला कसलीही युक्ती चालत नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अशा मशीनवर लिनक्स मिंटसारखं काही टाकणं जास्त शहाणपणाचं.

## टप्पा ३ : पेनड्राइव्ह

किमान ८ जीबीचा, नावाजलेल्या कंपनीचा. बाजारात स्वस्तात मिळणारे मोठ्या क्षमतेचे पेनड्राइव्ह कधी कधी बनावट असतात. दाखवतात ६४ जीबी आणि आत असते त्याहून कितीतरी कमी जागा. फायली वरवर नीट लिहिल्या जातात, पण वाचताना कचरा मिळतो. शंका असेल तर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाच्या छोट्या प्रोग्रामने आधी पूर्ण तपासा.

१. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि त्यानेच पेनड्राइव्ह बनवा. कुणी दिलेली, ‘अ‍ॅक्टिव्हेट केलेली’ आयएसओ (अख्खं इन्स्टॉलेशन असलेली एकच मोठी फाइल) वापरू नका. तिच्यातून काय काय काढलेलं आणि काय घातलेलं आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि अडकली तर चूक शोधायला आधारच उरत नाही.

२. आयएसओ स्वतंत्र उतरवली असेल तर तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेली तिची खूण, जुळवा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, मग फाइलचं नाव, मग ‘एसएचए२५६’. येणारी लांबलचक अक्षरं डाउनलोड पानावरच्या अक्षरांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. रेंज सारखी येत-जात असताना मोबाइलच्या नेटवर उतरवलेली फाइल अर्धवट राहण्याची शक्यता चांगलीच असते.

३. रूफस या प्रोग्रामने बनवत असाल तर पार्टिशन स्कीम ‘जीपीटी’ (डिस्क विभागण्याची नवी पद्धत) आणि टार्गेट ‘यूईएफआय’ ठेवा.

नेहमीच्या चुका दोन. पहिली, आयएसओ फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर कॉपी करणं. त्याने पेनड्राइव्ह बूट होत नाही. दुसरी, आतल्या फायली हाताने एफएटी३२ पेनड्राइव्हवर टाकणं. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि आयएसओमधली मुख्य इन्स्टॉल फाइल हल्ली तेवढी मोठी असते.

तपासा : ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश सेटअपच्या सुरुवातीलाच आला तर ड्रायव्हर शोधत बसू नका. बहुतांश वेळा पेनड्राइव्ह नीट वाचला जात नसतो. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा पोर्ट सोडून मागचा वापरा, जमल्यास यूएसबी २.० चा. तरीही तेच झालं तर पेनड्राइव्ह बदला.

## टप्पा ४ : बायोस

बायोस उघडायची आणि बूट मेनूची बटणं कंपनीप्रमाणे वेगळी. डेलला एफ२ आणि एफ१२, एचपीला एफ१० आणि एफ९, लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपांना एफ२ आणि एफ१२, एमएसआयच्या बोर्डला डिलीट आणि एफ११. एसरमध्ये एफ१२ चा बूट मेनू आधी बायोसमधून चालू करावा लागतो, म्हणून तिथे बटण दाबूनही काही होत नाही असं वाटतं.

पहिल्यांदा तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. ही छोटी गोष्ट फार त्रास देते. सेल गेलेल्या मशीनमध्ये वीज पूर्ण काढली की बायोस मूळ सेटिंगवर जातो. तुम्ही काल यूईएफआय ठेवलं, आज ते लेगसी (बूट होण्याची जुनी पद्धत) झालं, आणि काल टाकलेली विंडोज आज ‘सापडत’ नाही. तारीख चुकीची असल्याने अपडेट आणि अ‍ॅक्टिव्हेशनही अडतं. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली गेलेला बदलून टाका.

मग या क्रमाने :

१. सीएसएम (लेगसी बूटला वाट देणारी सेटिंग) किंवा लेगसी बूट बंद, यूईएफआय चालू.

२. टीपीएम चालू, सिक्युअर बूट चालू.

३. रॅमचं एक्सएमपी (वाढीव वेगाची सेटिंग) किंवा ओव्हरक्लॉकिंग इन्स्टॉलेशन होईपर्यंत बंद.

४. सेव्ह करून बाहेर या आणि बूट मेनू उघडा.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. ‘यूईएफआय’वालाच निवडा. टप्पा ५ मधल्या निम्म्या एरर इथे चुकीची ओळ निवडल्यामुळे येतात.

सावधान : जुनी विंडोज अजून चालू असेल आणि तिच्यावरचं काही हवं असेल तर साटा मोड किंवा व्हीएमडी (डिस्क कशी जोडली जाते हे ठरवणाऱ्या बायोसमधल्या सेटिंग) सहज म्हणून बदलू नका. ती विंडोज त्यानंतर निळा स्क्रीन देऊन थांबते. तसं झालंच तर घाबरू नका, सेटिंग पूर्ववत केली की ती पुन्हा सुरू होते.

## टप्पा ५ : डिस्क निवडायचा स्क्रीन

इथे तीन प्रकारची अडचण येते, आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

डिस्क दिसतच नाही. शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काही लॅपटॉपांवर एफएनही सोबत दाबावं लागतं. काळी खिडकी उघडेल. ‘डिस्कपार्ट’ आणि मग ‘लिस्ट डिस्क’ लिहा. इथे फक्त पेनड्राइव्ह दिसला, पण बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय, तर डिस्क ठीक आहे आणि ड्रायव्हर नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांत हे सर्रास होतं, कारण एसएसडी ‘व्हीएमडी’ नावाच्या कंट्रोलरच्या मागे असते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, उलगडा, आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. उतरवलेली ईएक्सई फाइल तशीच दाखवून चालत नाही. फोल्डरात ‘आयएनएफ’ शेवट असलेली फाइल दिसली पाहिजे. पूर्ण कोरी विंडोज टाकायची असेल तर बायोसमधून व्हीएमडी बंद करणं हा सोपा मार्ग.

बायोसमध्येही डिस्क नसेल तर उघडून पाहा. साटा वायर सैल आहे का? एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीची खाच) फक्त साटाचा आणि एसएसडी एनव्हीएमई या वेगळ्या, जलद पद्धतीची असं तर नाही ना? दिसायला दोन्ही सारख्या असतात. काही बोर्डांवर एम.२ भरला की साटाचा एखादा पोर्ट आपोआप बंद होतो, तेही मॅन्युअलमध्ये पाहा.

डिस्क दिसते, पण ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’. संदेश पूर्ण वाचा. ‘एमबीआर’ शब्द असेल तर तुम्ही यूईएफआयने आला आहात आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. ‘जीपीटी’ शब्द असेल तर उलट, तुम्ही लेगसीने बूट केलं आहे. दुसऱ्या बाबतीत डिस्कला हातही लावायचा नाही. मागे जाऊन बूट मेनूत ‘यूईएफआय’वाली ओळ निवडायची, काम झालं.

पहिल्या बाबतीत डिस्क रिकामी करून चालणार असेल तर डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क’ आणि क्रमांक, ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’. डेटा ठेवायचा असेल तर जुन्या विंडोजमध्ये जाऊन ‘एमबीआर२जीपीटी’ ही कमांड वापरा. आधी ‘/व्हॅलिडेट /ऑलोफुलओएस’ लावून नुसतं तपासा, पास झालं तर ‘/कन्व्हर्ट /ऑलोफुलओएस’. त्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देतं. बॅकअप तरीही हवाच.

सावधान : ‘क्लीन’ काहीही न विचारता क्षणात सगळी पार्टिशनं पुसतं. डिस्कचा क्रमांक नव्हे, आकार पाहून ओळखा. ५०० जीबीची डिस्क साधारण ४६५ जीबी दिसते आणि १ टीबीची ९३१ जीबी. शंका येऊच नये म्हणून ज्या डिस्कवर विंडोज टाकायची नाही ती वायर काढून बाजूला ठेवा.

वायर काढण्याचं दुसरंही कारण आहे. दोन डिस्क जोडलेल्या असताना सेटअप कधी कधी विंडोज एका डिस्कवर टाकतं आणि बूट फायली दुसऱ्या डिस्कवर आधीपासून असलेल्या पार्टिशनमध्ये. तेव्हा सगळं छान चालतं. पुढे वर्षभराने जुनी डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही.

‘नवीन पार्टिशन तयार करता आलं नाही’. बहुतेकदा कारण तेच, जास्तीच्या डिस्क, कार्ड रीडरमधलं कार्ड किंवा दुसरा पेनड्राइव्ह. सगळं काढा आणि पुन्हा पाहा. कोरी विंडोज टाकताना त्या डिस्कवरची सगळी पार्टिशनं काढून फक्त ‘अनअलोकेटेड’ उरेपर्यंत जा आणि नवीन काहीही न बनवता नेक्स्ट दाबा. डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असेल आणि त्यात फोटो असतील तर अर्थातच हे करायचं नाही. तिथे फक्त सी आणि त्याच्या अलीकडची छोटी पार्टिशनं काढायची.

## टप्पा ६ : फायली कॉपी होताना थांबणं

नव्या सेटअपमध्ये एकच टक्केवारी दिसते, जुन्यात ‘फायली तयार होत आहेत’ अशी वेगळी ओळ. इथे ८००७०५७० किंवा ८००७०२५डी आला तर अर्थ एवढाच : वाचलेला डेटा आणि असायला हवा तो डेटा जुळत नाही. दोष चार ठिकाणी असू शकतो : पेनड्राइव्ह, रॅम, वायर, डिस्क. लोक थेट डिस्क विकत आणतात, आणि नव्या डिस्कवरही तीच एरर येते. म्हणून क्रम पाळा, स्वस्तातलं आधी.

पेनड्राइव्ह वेगळ्या कंपनीचा घ्या, पोर्ट बदला, पुन्हा बनवा. यानंतर टक्केवारीकडे लक्ष ठेवा. दर वेळी त्याच आकड्यावर थांबत असेल तर पेनड्राइव्ह किंवा डिस्कच्या ठरावीक भागात दोष आहे. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, कधी १२ ला, कधी ६० ला, तर रॅमवर संशय धरा.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ चा वेगळा पेनड्राइव्ह करा आणि किमान एक पूर्ण फेरी, जमल्यास रात्रभर चारही फेऱ्या चालू द्या. एकही लाल ओळ आली तर ती रॅम नापास. ‘थोड्याच एरर आहेत’ असं इथे नसतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. दोन्ही एकेकट्या पास आणि जोडीने नापास झाल्या तर स्लॉट किंवा वेग जुळत नाही.

किनारपट्टीच्या गावांत रॅम नापास झाली म्हणून लगेच फेकू नका. हवेतल्या मिठाने आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ काळसर थर बसतो. दातांच्या कडेला हिरवट ठिपके दिसतात. पट्टी उजेडात तिरकी धरली की एक दात चकचकीत आणि शेजारचा मळकट असा फरक लगेच कळतो. मशीन बंद करा, वीज काढा, लॅपटॉपची बॅटरीही वेगळी करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्केवालं घेऊन धागे न सुटणाऱ्या कापडाने दात पुसा. खोडरबर चालतं, पण हलक्या हाताने आणि पांढरंच, वाळूचं निळं नको, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. खोडरबराची कणी स्लॉटमध्ये पडू देऊ नका. पूर्ण सुकल्यावर पट्टी ‘खट’ आवाज येईपर्यंत बसवा आणि मेमटेस्ट पुन्हा लावा. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम भागतं.

डिस्कची प्रकृती दुसऱ्या मशीनवर क्रिस्टलडिस्कइन्फोने पाहा. हार्डडिस्कसाठी तीन ओळी महत्त्वाच्या :

- ०५, रीअलोकेटेड सेक्टर : आकडा वाढत असेल तर डिस्क उतरणीला लागली.
- सी५, करंट पेंडिंग सेक्टर : शून्याहून जास्त असेल तर त्या डिस्कवर विंडोज टाकू नका.
- सी७, सीआरसी एरर : हा वाढत असेल तर डिस्क नव्हे, साटा वायर खराब. नवी वायर लावा. जुना आकडा तसाच राहतो, तो पुढे वाढत नाही ना एवढंच पाहायचं.

८००७००७० हा कोड वेगळा, तो फक्त जागा कमी असल्याचा.

## टप्पा ७ : पहिल्या रीस्टार्टनंतर

इथली सगळ्यात मोठी चूक अगदी साधी आहे. कॉपी संपून मशीन रीस्टार्ट होतं, पेनड्राइव्ह लावलेलाच असतो, बूट क्रमात तो पहिला असतो, आणि भाषा विचारणारा पहिला स्क्रीन परत येतो. लोकांना वाटतं इन्स्टॉलेशन फसलं, आणि ते सगळं पुन्हा करतात. फसलेलं काहीच नसतं. स्क्रीन काळा होऊन पहिला रीस्टार्ट सुरू झाला की पेनड्राइव्ह काढा. आधी नाही, नंतर नाही.

‘बूट डिव्हाइस सापडलं नाही’ असं आलं तर बायोसच्या बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला आहे का ते पाहा. ती ओळच नसेल तर बूट फायली लिहिल्या गेल्या नाहीत किंवा मघाशी म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या डिस्कवर गेल्या. एकच डिस्क ठेवून टप्पा ५ पुन्हा करणं हे ‘बीसीडीबूट’ या बूट फायली लिहिणाऱ्या कमांडशी झटापट करण्यापेक्षा लवकर होतं.

‘कॉम्प्युटर अनपेक्षितपणे रीस्टार्ट झाला, इन्स्टॉलेशन पुढे जाऊ शकत नाही’ हा संदेश ओकेवर क्लिक करून पुन्हा पुन्हा येतच राहतो. त्याच स्क्रीनवर शिफ्ट-एफ१०, मग ‘रेजएडिट’. ‘एचकेईवाय लोकल मशीन’मध्ये सिस्टम, सेटअप, स्टेटस, चाइल्डकंप्लीशन असं आत जा. उजवीकडच्या ‘सेटअप.ईएक्सई’ची किंमत १ असेल तर ३ करा, खिडकी बंद करा, ओके दाबा. बऱ्याचदा पुढे सरकतं. पण मशीन मध्येच का बंद पडलं ते शोधल्याशिवाय समाधान मानू नका. लाइटचा झटका, तापलेला प्रोसेसर आणि नापास रॅम, या क्रमाने पाहा.

‘गेटिंग रेडी’ फिरत राहिलं तर हार्डडिस्कवर तासभर थांबा. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर काम चालू आहे.

## टप्पा ८ : अकाउंट आणि वाय-फायचा स्क्रीन

नव्या लॅपटॉपांच्या वाय-फायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसतो, यादी रिकामी दिसते आणि पुढे जाता येत नाही. अँड्रॉइड मोबाइल डेटा केबलने जोडा आणि मोबाइलवर यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोज त्याला लॅन समजून घेते. केबल फक्त चार्जिंगची असेल तर टेदरिंगचा पर्यायच उजळत नाही, तेव्हा केबल बदला.

सेकंडहँड लॅपटॉपवर या टप्प्याला अनोळखी कंपनीचं नाव आणि तिथल्या ईमेलची मागणी दिसली तर तो लॅपटॉप त्या कंपनीच्या नोंदीतून सोडवलेला नाही. कितीही वेळा फॉरमॅट मारलं तरी इंटरनेट मिळताच तेच दिसणार. विकणाऱ्याने मूळ कंपनीकडून नोंद काढून आणणं हाच उपाय. म्हणून जुना लॅपटॉप घेताना नुसता चालतो हे पाहू नका, दुकानातच इंटरनेट जोडून हा टप्पा पार झालेला पाहा.

## टप्पा ९ : अपग्रेड मागे फिरलं तर

कोरी विंडोज न टाकता जुनीवरच चढवताना ‘बदल मागे घेत आहोत’ असं येतं आणि नंतर सी१९००१०१ कोड दिसतो. हा ड्रायव्हरचा दोष. त्याच्यापुढचा दुसरा कोड २००१७ असेल तर अगदी पहिल्या बूटच्या वेळी, ४०००डी असेल तर शेवटच्या टप्प्यात अडकली असं समजा. करायचं ते असं : बाहेरचा अँटीव्हायरस पूर्ण काढून टाका (नुसता बंद नव्हे), प्रिंटर, स्कॅनर, बायोमेट्रिक यंत्र, टोकन सगळं यूएसबीवरून उपटा, बायोस आणि डिस्प्ले ड्रायव्हर अद्ययावत करा, सी ड्राइव्हवर २५-३० जीबी तरी मोकळी ठेवा. तरीही जमलं नाही तर मायक्रोसॉफ्टचं ‘सेटअपडायग’ चालवा. ते लॉग वाचून बहुतेकदा नेमका ड्रायव्हर सांगतं. अ‍ॅप तसेच ठेवायचे असतील तर आयएसओची भाषा जुन्या विंडोजचीच हवी. युनायटेड स्टेट्सच्या इंग्रजीवर इंटरनॅशनल इंग्रजी चढवली की ‘अ‍ॅप ठेवा’ हा पर्याय राखाडी पडतो.

लिनक्स शेजारी टाकणाऱ्यांसाठी थोडक्यात : विंडोज आधी, लिनक्स नंतर. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्सला विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. दोन्ही यूईएफआयनेच टाका. इन्स्टॉलर सुरू होताना काळा स्क्रीन आला तर ग्रबच्या (लिनक्सच्या बूट मेनूच्या) ओळीत ‘नोमोडसेट’ जोडा.

## दुकानात न्यायची वेळ आली तर

मेमटेस्ट नापास होऊन दुसरी रॅम हाताशी नाही, सी५ शून्यावर नाही, किंवा बायोसमध्येच काही दिसत नाही, तर घरी पुढे ओढू नका. नेताना एका कागदावर लिहून मशीनला चिकटवा : कोणत्या टप्प्यात अडकली, टक्के किती, कोड कोणता, काय काय बदलून पाहिलं. बायोस पासवर्ड असेल तर तो. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, डेटा हवा की नको, हवा असेल तर कोणत्या ड्राइव्हमधला. काउंटरवर तोंडी सांगितलेलं आत काम करणाऱ्या मुलापर्यंत पोहोचेलच असं नाही, आणि गर्दीच्या दिवशी तो पहिलं काम फॉरमॅटचंच करतो.